पातळ हात

एका तालुक्याच्या गावात ड्रेपरीचं एक जुनं दुकान होतं. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. खोल्यांत भिंतभर कपाटं आणि कपाटांत राजांचे अंगरखे, राण्यांचे शालू, मावळ्यांची मुंडाशी, ऋषींच्या जटा. डांबरगोळ्यांचा वास त्या कपड्यांत इतका मुरला होता, की या दुकानातून गेलेला कुठलाही राजा सिंहासनावर बसला की पहिल्या रांगेपर्यंत तो वास पोचे.

दुकान नानांचं होतं. नाना मूळचे शिंपी. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि बोलणं मोजकं. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांसाठी चिलखतं केली, ती सगळी पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर खळ लावून फडकं आणि फडक्यावर चंदेरी बेगड. दोन-तीन प्रयोग ती टिकत. मग घामाने पुठ्ठा मऊ पडे आणि नाना पुन्हा नवा पुठ्ठा कापायला बसत. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

एका वर्षी दसरा झाल्यावर त्यांच्याकडे एक पोरगा कामाला आला. त्याआधी तो गॅरेजमध्ये मोटारसायकलींच्या टाक्या रंगवायचा. हात चांगला होता. आपण रंगवलेल्या टाकीत बघून माणसं भांग पाडतात, असं तो सांगायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

पोराने पुठ्ठ्याची चिलखतं पाहिली आणि नाक मुरडलं.

“नाना, हे आता कुणी वापरत नाही. फोम आणू या.”

चपलांचे तळवे करतात तो फोम. त्याची शीटं मिळतात. वजनाला हलका, कटरने सरळ कापला जातो, गरम हवा देऊन वाकवला आणि गार होऊ दिला की त्याच आकारात राहतो. नानांनी शीट हातात घेतलं, दाबलं, दुमडलं, सोडलं. ते हळूहळू सरळ झालं.

“चांगलं आहे,” नाना म्हणाले. “आण.”

गावातल्या हौशी मंडळींनी त्या वर्षी शिवकाळावरचं नाटक धरलं होतं. त्यातल्या एका सरदाराला चिलखत हवं होतं. सरदाराचं काम करणारा गृहस्थ एसटीत कंडक्टर होता. नानांच्या वहीत त्याचं माप लिहिलेलं होतं : छाती बेचाळीस, कंबर चव्वेचाळीस.

पोराने शेडमधला पुतळा ओढून काढला. त्याच्या कंबरेला जुनी लुगडी गुंडाळून माप जुळवलं आणि त्यावर चिलखत बेतलं. १० मिलिमीटरचा फोम छाती-पाठीला, ५ मिलिमीटरचा नक्षीला. छातीवर सूर्य, खांद्यावर वाघाची तोंडं, कडेने खिळ्यांची रांग. गळ्यापासून मांडीपर्यंत पुढचा भाग एकसंध, मागचा एकसंध. सांधा कुठे दिसू नये, याची त्याने फार काळजी घेतली.

मग रंग. गॅरेजमधून त्याने गाड्यांचा रुपेरी रंग आणला आणि थेट फोमवर मारला. अस्तर त्याने दिलंच नाही. फोम आधीच गुळगुळीत आहे, असं त्याला वाटलं. रंगाला बोट चिकटेनासं झाल्यावर वरून चकाकीचं लॅकर मारलं. एक हात, दुसरा हात, तिसरा हात, सगळे त्याच संध्याकाळी आणि सगळे भरघोस. रात्री शेडमधला दिवा लावला, तेव्हा पुतळ्याच्या छातीवर दुसरा दिवा पेटल्यासारखं वाटलं.

शेजारचे दुकानदार बघून गेले. मंडळींचे सेक्रेटरी बघून गेले. सगळ्यात शेवटी नाना आले, चिलखताभोवती एक फेरी मारली.

“छान दिसतंय,” ते म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, “पुतळ्याला.”

पोराने पहिलेच दोन शब्द ऐकले.

प्रयोगाच्या रात्री सभागृह भरलं होतं. सरदाराने प्रवेश केला तेव्हा लोकांनी चिलखताला टाळ्या दिल्या. विंगेत उभ्या असलेल्या पोराची छाती फुगली. सरदार महाराजांसमोर आला आणि मुजऱ्यासाठी वाकला.

पहिल्या मुजऱ्याला बारीक आवाज झाला, तो फक्त विंगेत ऐकू गेला. दुसऱ्या मुजऱ्याला कंबरेवर एक आडवी रेघ उमटली. तिसऱ्या मुजऱ्याला पापड मोडावा तसा आवाज आला आणि रुपयाएवढा एक रुपेरी पापुद्रा उडून महाराजांच्या पायाशी पडला.

पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, “आई, त्याचं चिलखत सोललं!”

सभागृह हसलं. महाराजांनीही ओठ चावला. सरदाराने मात्र एक पाऊल पुढे टाकलं, पापुद्र्यावर मोजडी ठेवली आणि पुढचा सगळा प्रवेश त्या जागेवरून न हलता म्हटला. लोकांना वाटलं, सरदार निश्चयाचा पक्का आहे.

प्रयोग संपल्यावर रंगपटात त्याने तो पापुद्रा कागदात बांधून पोराच्या हातात दिला.

“माझं पोट आडवं आलं बघ,” तो म्हणाला.

पोरगा चिडलेला होता. “तुम्ही एवढं वाकायलाच नको होतं.”

कंडक्टर जरा विचारात पडला. “अरे, पण अर्धा मुजरा कसा करायचा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोराने थंडीला दोष दिला, मग हवेतल्या दमटपणाला, मग रंगाच्या डब्याला. शेवटी तो म्हणाला, लॅकर कच्चं होतं. जिल्ह्याच्या गावी जाऊन त्याने महागातलं लॅकर आणलं, हार्डनर मिसळून लावायचं. पॉलिश पेपरने भेगा घासल्या, पुन्हा रुपेरी रंग दिला आणि त्यावर नव्या लॅकरचे दोन जाड हात दिले. वाळल्यावर नख मारून पाहिलं. नख वाकलं.

“आता दगड झालाय, नाना.”

नाना मशीनवर एका शालूची कड दुमडत होते. त्यांनी मान हलवली आणि पायडल मारत राहिले.

पुढचा प्रयोग शेजारच्या गावच्या जत्रेत होता. या वेळी तिसऱ्या मुजऱ्यापर्यंत थांबावं लागलं नाही. पहिल्याच मुजऱ्याला भेग गेली, आणि गेली ती काखेपासून काखेपर्यंत. पापुद्रे नाही, सालपटं निघाली. कडक लॅकरने खालचा रुपेरी रंगही आपल्याबरोबर उपटून आणला. सरदाराच्या कंबरेवर काळा फोम उघडा पडला. एका मोजडीखाली झाकण्याइतका तो मामला उरला नव्हता.

परतीच्या टेम्पोत पोरगा कपड्यांच्या ट्रंकेवर बसला होता. समोर नाना, त्यांच्या मांडीवर चिलखत. रस्ता खराब होता. टेम्पो आदळला की चिलखतातून बारीक भुगा गळे. नाना तो धोतरावरून झटकत नव्हते. पोरगा वाट बघत होता, आता बोलतील, मग बोलतील. वाटेत टपरीवर गाडी थांबली. नानांनी दोन चहा सांगितले, एक त्याच्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत.

सकाळी पोरगा दुकानात आला, तेव्हा चिलखत टेबलावर होतं.

“घाल,” नाना म्हणाले.

“हे? कशाला?”

“घाल आणि कामाला लाग.”

पोराने कंबरेला दोन टॉवेल गुंडाळून ते अंगात चढवलं. नानांनी कानामागचा खडू काढला आणि खुर्ची ओढून बसले. पोराने कपाटावरची ट्रंक उतरवली. खाली ठेवायला वाकला, तशी कंबरेवर चुणी पडली. नानांनी तिथे खडूची रेघ मारली. पोराने वरच्या दांडीवरचा अंगरखा काढला. हात वर गेला, काखेखाली चुणी पडली, तिथे रेघ. चप्पल घालायला पाय उचलला, मांडीशी रेघ. खाली बसून चहा प्यायला, तर चिलखताचा गळा हनुवटीला टेकला. तिथेही रेघ. दुपारपर्यंत चिलखतावर एवढ्या रेघा झाल्या, की ते एखाद्या गावच्या नकाशासारखं दिसू लागलं.

जेवणानंतर पोरगा भिंतीला टेकून उभा राहिला, अजिबात न हलता. नाना जवळ आले. बरगड्यांवर, सूर्याच्या खाली, एक केसाएवढी भेग उघडत होती आणि मिटत होती. नानांनी तिथे रेघ मारली.

“ही कशी आली?” पोराने विचारलं. “मी तर वाकलोच नाही.”

“श्वास घेतोयस की,” नाना म्हणाले.

पोराने पुतळ्याकडे पाहिलं. पुतळा कंबरेला लुगडी गुंडाळून कोपऱ्यात उभा होता, जसा महिनाभर उभा होता तसाच.

त्या संध्याकाळी नाना नेहमीपेक्षा थोडं जास्त बोलले. पूर्वीच्या खऱ्या चिलखतांत चार आईना म्हणून एक प्रकार होता, ते म्हणाले. चार पोलादी पत्रे : एक छातीला, एक पाठीला, एकेक दोन्ही काखांखाली. त्यांना आरशासारखी चकाकी, म्हणून आईना. पत्रे एकमेकांना कातडी वाद्यांनी बांधलेले, आणि त्यांच्या आत लोखंडी कड्यांचं जाळीदार चिलखत. वाकायची वेळ आली की वाकायचं ते जाळीने आणि वाद्यांनी. पत्र्याला कुणी वाकायला सांगत नसे.

“तू पत्र्यालाच मुजरा करायला लावलास,” नाना म्हणाले.

पोरगा रात्रभर त्याच वाक्याशी झोंबत राहिला. सकाळी त्याने स्वतःहून कटर घेतला आणि खडूच्या रेघांवर चिलखत कापलं. ज्या सांध्यांना तो लपवत होता, तेच आता त्याने उघडे केले. छाती अखंड ठेवली, कारण तिथे फारशी रेघ नव्हती. कंबरेचे चार पट्टे केले, कौलांसारखे एकाच्या कडेवर दुसरा, आतून नाड्यांनी जोडलेले. खांदे वेगळे. बाजूंना इलॅस्टिक. बरगड्यांवरच्या त्या केसाएवढ्या रेघेच्या जागी फोम कापून आत काळ्या कातड्याची पट्टी घातली, दोन बोटं ढिली.

जुना फोम लॅकरने खराब झाला होता, म्हणून त्या मापावर नवा कापला. नानांनी कंडक्टरला निरोप धाडला. ड्युटी संपवून तो खाकी कपड्यांतच आला. एकेक पट्टा त्याच्या अंगाला लावून बघितला, आणि वळण द्यायची वेळ आली तेव्हा नानांनी घरातला तांब्याचा हंडा मागवला. गरम हवेने फोम मऊ करायचा, हंड्यावर दाबून धरायचा, गार झाला की सोडायचा. पट्ट्याने पोटाचं वळण घेतलं ते घेतलंच. कंडक्टर हंड्याकडे आणि स्वतःकडे बघून बराच वेळ हसत होता.

रंग द्यायच्या आधीच वळण द्यायचं, हे पोराच्या तेव्हा ध्यानात आलं. सपाट शीटवर रंग देऊन मग ते वाकवलं, तर अंगावर चढण्याआधीच रंगाला ताण बसतो. गरम हवेचा आणखी एक गुण त्याला दिसला. हवा लागली की फोमची बारीक भोकं मिटतात आणि वरचा भाग किंचित तुळतुळीत होतो. नानांनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला.

आता प्रश्न रंगाचा होता. पोरगा गप्प झाला होता. त्याला येत होते तेवढे रंग गाड्यांचे होते, आणि गाडीची टाकी श्वास घेत नाही.

नानांनी बोट वर केलं. पोराने छताकडे पाहिलं.

“गच्ची,” नाना म्हणाले.

नानांच्या घराच्या गच्चीला गेल्या वैशाखात भेगांवरचं लवचिक अस्तर मारून घेतलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर निम्मं गाव मारतं तेच. उन्हात स्लॅब फुगतो, रात्री आवळतो, म्हणून त्यावरचा थर रबरासारखा ताणला जाणारा लागतो. नाहीतर पहिल्याच पावसात घरात बादल्या. उरलेलं अर्धं डबडं शेडमध्येच होतं. पोरगा महिनाभर त्याच्यावर पाय ठेवून वरच्या फळीवरचं सामान काढत होता.

पण या वेळी त्याने थेट चिलखताला हात लावला नाही. फोमच्या उरलेल्या तुकड्यांच्या वीतभर लांब सात पट्ट्या कापल्या. एकीवर गाड्यांचा रंग आणि लॅकर. एकीवर नुसतं गच्चीचं अस्तर, जाड. एकीवर तेच, पण पाणी घालून पातळ केलेलं, चार हातांत. एकीवर अस्तर आणि वर कडक लॅकर. उरलेल्या तिन्हींवर अस्तर आणि अ‍ॅक्रिलिक रंग, वर निरनिराळी पाण्यातली वॉर्निशं. प्रत्येकीवर खडूने आकडा घातला आणि सातही पट्ट्या शेडच्या वाशाला टांगल्या.

“उद्या वाकवून बघतो,” तो म्हणाला.

“वाळल्या की वाकव,” नाना म्हणाले.

पोरगा सवयीने बोट लावून बघत होता. नानांनी एक पट्टी त्याच्या गालाला लावली. “पावसाळ्यात दोरीवरचे कपडे कसे बघतोस? गार लागलं की ओलं. रंगाचं तसंच. आणि थिनरचा रंग असेल तर नाकाने बघ. वास येतोय तोवर त्याचं आतलं काम चाललंय.”

“वरून तर वाळलाय.”

“साय धरली म्हणजे दूध आटलं होय?”

तिसऱ्या दिवशी एकही पट्टी गालाला गार लागली नाही. पोराने प्रत्येक पट्टी आधी जाड वेळूवर वाकवली, मग केरसुणीच्या दांड्यावर, मग पेन्सिलीवर. गाड्यांचा रंग वेळूवरच तडकला. जाड अस्तराला पेन्सिलीवर भेग गेली. वरून वाळलेलं ते आत अजून लिबलिबीत होतं. चार पातळ हातांचं अस्तर पेन्सिलीवर गुंडाळलं गेलं आणि सोडल्यावर सरळ झालं. सगळ्यात जास्त वेळ त्याने चौथ्या पट्टीकडे पाहिलं. खाली लवचिक अस्तर, वर कडक लॅकर. अस्तर वाकायला तयार होतं. वरचं लॅकर तयार नव्हतं. ते तडकलं आणि जाताना खालच्या चांगल्या थरालाही फाडून घेऊन गेलं. उरलेल्या तीनपैकी एका वॉर्निशाला पेन्सिलीवर पांढरी रेघ पडली. दोन टिकल्या.

त्या दोन पट्ट्या चकाकत नव्हत्या. पोराचा चेहरा पडला.

“हे राखेसारखं दिसतंय, नाना.”

“रंगव तर आधी.”

मग आठवडाभर शेडमध्ये तेच काम चाललं. पातळ अस्तराचा एक हात, गालाला लावून बघणं, मग दुसरा. असे चार. त्यावर काळपट रंगाचे दोन पातळ हात. पट्टे हंड्याच्या वळणावरच ठेवून रंगवले, आणि कौलांसारखे चढवायच्या आधी सुटे सुटे वाळू दिले, म्हणजे कडेला कड चिकटणार नाही. शेवटी पाण्यातल्या वॉर्निशाचे दोन हात, तेही विरळ. रोज एखादा थर, कधी दोन. पोराला हे फार जड गेलं. गॅरेजमध्ये एवढ्या वेळात त्याने दहा गाड्या काढल्या असत्या.

चकाकीचं काम नानांनी वॉर्निशाच्या आधी एका बैठकीत दाखवलं. ब्रश रुपेरी रंगात बुडवला, फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा केला आणि सूर्याच्या किरणांवरून, वाघांच्या भुवयांवरून, खिळ्यांच्या माथ्यांवरून हलकेच फिरवला. उंचवटे तेवढे उजळले, खोलगट भाग काळपटच राहिला. दहाव्या रांगेच्या अंतरावर जाऊन पोराने पाहिलं. ते पोलाद होतं.

तिथूनच, शेडच्या दारातून, त्याने विचारलं, “नाना, तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं?”

“बरंचसं.”

“मग सांगितलं का नाही? दोन गावांत माझी लाज गेली.”

नाना ब्रश धूत होते. बादलीतलं पाणी रुपेरी झालं होतं. ते सावकाश ब्रशाचे केस बोटांनी सरळ करत राहिले.

“त्या दिवशी गावभर लोक तुझं कौतुक करून गेले होते,” ते म्हणाले. “तुझा पहिला हात अजून ओला होता रे. त्यावर मी माझा दिला असता, तर दोन्ही सोलले असते.”

पोराने काही उत्तर दिलं नाही. त्याला टेम्पो आठवला, आणि टपरीवरचा चहा.

ही गोष्ट ज्यांनी मला सांगितली, ते इथे थोडं थांबले होते, म्हणून मीही थांबतो. आपण दुसऱ्यासाठी जे जे करतो, ते बहुतेक वेळा पुतळ्यावर बेततो. मुलांसाठी आखलेला दिवस असो, सुनेसाठी ठरवलेल्या चालीरीती असोत की गावासाठी केलेले नियम असोत. माप बरोबर असतं, दिसायलाही ते देखणं असतं. ज्याच्या अंगावर ते चढणार, तो वाकेल, बसेल, श्वास घेईल, एवढंच ध्यानात राहत नाही. मग भेग पडली की आपण म्हणतो, तुम्ही एवढं वाकायला नको होतं. बोलण्याचंही तसंच. खरं असलं म्हणजे ते लगेच आणि सगळं सांगायलाच हवं, असं नाही. समोरच्याचा आधीचा थर अजून गार लागत असेल, तर नानांसारखा चहा सांगावा. गप्प बसण्यात कधी भित्रेपणा असतो आणि कधी असा हिशोब, हे मलाही नेहमी ओळखता येत नाही. नानांचा हिशोब होता एवढं खरं, आणि त्यासाठी त्यांनी आपल्या दुकानाची दोन गावांत होणारी नाचक्की सोसली.

तिसरा प्रयोग पुन्हा गावातच झाला. चिलखताची गोष्ट एव्हाना सगळ्यांना माहीत होती. पहिल्या रांगेतलं ते पोर तर ते सोलतं का, हेच बघायला आलं होतं. सरदार आला. या वेळी चिलखताला टाळ्या पडल्या नाहीत. ते अंगचं असल्यासारखं वाटलं. तो महाराजांसमोर उभा राहिला आणि वाकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तो इतका खाली गेला, की त्याची बोटं जमिनीला टेकली. कंबरेचे चार पट्टे एकमेकांवर सरकले आणि तो उठला तसे परत सरकले. सभागृहात आवाज झाला नाही. पहिल्या रांगेतलं पोर निराश झालं.

रंगपटात कंडक्टरने चिलखत उतरवलं आणि पोराच्या हातात दिलं. आतून ते घामाने भिजलं होतं.

“आज पूर्ण झाला,” तो म्हणाला. पोराला कळलं, तो मुजऱ्याबद्दल बोलतोय.

पोराने ओल्या फडक्याने आतली बाजू पुसली. घडी घातली नाही, ट्रंकेत कोंबलं नाही. परत आल्यावर शेडच्या सावलीत, रुंद हँगरवर टांगलं आणि पंखा लावला. पत्र्याखाली उन्हाळ्यात ते तापेल, म्हणून उद्या आतल्या खोलीत हलवायचं, असं मनाशी म्हणत तो दिवा घेऊन एकेक पट्टा तपासत गेला. कंबर बरी होती. गळा बरा होता. बरगड्यांवरचं कातडं बरं होतं. डाव्या काखेखाली, जिथे इलॅस्टिक फोमला घासत होतं, तिथे केसाएवढी एक भेग होती.

नाना दारात उभे होते. त्यांनीही ती पाहिली होती. त्यांचा हात कानाकडे गेला.

पण पोराने तोवर स्वतःच्या कानामागचा खडू काढला होता. त्याने भेगेवर एक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली.